जजमानी की बलुते?

समाजशास्त्राचे कोणतेही प्रास्ताविक पाठ्यपुस्तक उघडा, त्यातील पहिल्या शंभर पानांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी समाज, समुदाय, समूह आणि संस्था यांच्या व्याख्या, मग दर्जा आणि भूमिका, मग प्रमाणके आणि सामाजिक नियंत्रण, आणि शेवटी कार्यवाद, संघर्षवाद व प्रतीकात्मक आंतरक्रियावाद हे तीन दृष्टिकोन. प्रत्येक व्याख्येखाली एका परदेशी विद्वानाचे नाव आणि चार-पाच 'वैशिष्ट्ये'. विद्यार्थी ती वैशिष्ट्ये पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि विषय सोपा होता असे म्हणून मोकळा होतो. भौतिकशास्त्राच्या बाबतीत आपण असे चालवून घेत नाही. तिथे निदान लोलक टांगून त्याची आंदोलने मोजायला लावतो. समाजशास्त्राची प्रयोगशाळा शाळेच्या फाटकाबाहेर सुरू होते, आणि नेमकी तीच पुस्तकात फारशी येत नाही.

येते तेव्हा काय होते, हे एका उदाहरणावरून पाहू. 'भारतीय खेडे' हे प्रकरण आले की 'जजमानी व्यवस्था' हा शब्द हटकून येतो. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या एखाद्या वर्गात हा धडा चालला आहे अशी कल्पना करा. 'यजमान' हा शब्द मुलांना सत्यनारायणाच्या पूजेमुळे ठाऊक असतो. 'जजमान' मात्र त्यांनी कधी ऐकलेला नसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतो तो शब्द 'बलुतं'. बलुतेदारांची नावेही वऱ्हाडात वेगळी आहेत : सुताराला वाढई म्हणतात, न्हाव्याला म्हाली, परटाला वरठी. म्हणजे आपल्याच गावातल्या, दोन पिढ्यांपूर्वीच्या व्यवहाराबद्दल वाचताना या मुलांना एक परका शब्द आधी पाठ करावा लागतो.

शब्दाचाच प्रश्न असता तर तो सोडून देता आला असता. पण शब्दाबरोबर एक सिद्धान्तही आला आहे, आणि तो आपल्या गावांना लागू पडतो की नाही हे कोणी तपासलेले दिसत नाही.

'जजमानी व्यवस्था' ही संकल्पना समाजशास्त्रात रूढ झाली ती विल्यम वायझर या अमेरिकन मिशनऱ्यामुळे. उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यातल्या एका गावात तो आणि त्याची पत्नी शार्लट १९२५ ते १९३० या काळात काम करीत होते. त्या गावाला त्यांनी 'करीमपूर' असे बदललेले नाव दिले. वायझरचे जजमानी व्यवस्थेवरील पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने काय पाहिले? एका कुटुंबाचे ठरलेले लोहार कुटुंब, ठरलेले न्हावी कुटुंब, ठरलेले धोबी कुटुंब. नाते कुटुंबाकुटुंबांतले, पिढीजात, आणि मोबदला बहुतांशी धान्यात. प्रत्येक जण कोणाचा तरी सेवक आणि कोणाचा तरी धनी, असे या देवाणघेवाणीचे चित्र त्याने उभे केले. आपली प्रास्ताविक पुस्तके हेच चित्र घेतात आणि त्याखाली वैशिष्ट्ये लिहितात : वंशपरंपरा, परस्परावलंबन, सुरक्षितता, सलोखा.

महाराष्ट्रातले बलुते या चित्रात नीट बसत नाही. इथे वाढई एखाद्या कुटुंबाचा नसे, तो गावाचा असे. गावातल्या कोणाही शेतकऱ्याचा वखर किंवा तिफण दुरुस्त करणे हे त्याचे काम, आणि सुगीत खळ्यावरच्या राशीतून प्रत्येक शेतकऱ्याकडून ठरलेला वाटा घेणे हा त्याचा हक्क. हा हक्क म्हणजे वतन. ते वाटले जाई, गहाण पडे, त्यावर तंटे होत आणि ते गोतसभेपुढे किंवा सरकारदरबारी जात. पेशवाईतल्या अशा कागदपत्रांच्या आधारे हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने १९७२ मध्ये थेट हाच प्रश्न विचारला : अठराव्या शतकातील मराठी गावातले सेवक जजमानी पद्धतीचे होते की सबंध गावाचे? त्याचे उत्तर दुसऱ्या बाजूचे होते. बलुतेदार हा कुटुंबाने नव्हे, तर गावाने ठेवलेला कारागीर होता. याच प्रकाराचे वर्णन माक्स वेबरने भारतातील धर्मांविषयी लिहिताना आधीच करून ठेवले होते.

हा भेद केवळ विद्वानांच्या वादाचा आहे असे समजू नये. धनी एक कुटुंब असेल तर भांडण दोन घरांतले राहते. धनी सबंध गाव असेल तर काम नाकारणारा एकटा पडतो आणि सगळे गाव त्याच्या विरुद्ध जाते. डॉ. आंबेडकरांच्या हाकेनंतर ठिकठिकाणच्या महारांनी मेलेली जनावरे ओढण्याचे नाकारले तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडला तो सबंध गावाचा, हे आपल्याला ठाऊक आहे. हा बहिष्कार समजण्यासाठी बलुत्याची रचना माहीत असावी लागते. करीमपूरच्या नकाशावरून तो नीट उलगडत नाही.

बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या जातात : थोरली, मधली आणि धाकटी. कोणत्या ओळीत कोण, याच्या याद्या प्रदेशागणिक बदलतात. पण सुतार आणि महार थोरल्या ओळीत आणि भट धाकट्या ओळीत, ही मांडणी पुन्हा पुन्हा भेटते. थोरल्या ओळीचा वाटा मोठा. म्हणजे शेतीच्या कामात उपयोग किती, यावर ही ओळ ठरत होती. ज्या महाराला देवळाची पायरी चढता येत नव्हती तो खळ्यावर पहिल्या ओळीत होता, आणि ज्याच्या हातचे पाणी सर्वांना चाले तो भट शेवटच्या ओळीत. 'सामाजिक स्तरीकरण' शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे अवघड आहे. पावित्र्याची उतरंड, धान्याच्या वाट्याची उतरंड आणि सत्तेची उतरंड या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे वेबरचे म्हणणे इथे डोळ्यांपुढे उभे राहते. लुई द्यूमाँने १९६६ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात जातिव्यवस्थेचे सारे सूत्र शुद्ध-अशुद्धतेत शोधले. त्याला या तीन ओळी दाखवून प्रश्न विचारता आला असता. आपल्या पुस्तकांत मात्र बारा बलुतेदारांची नुसती यादी असते, ओळी नसतात.

आता 'सलोखा' या वैशिष्ट्याकडे येऊ. माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. गावगाड्याचे प्रत्येक चाक आपापले काम करते आणि गाडा चालतो, हा युक्तिवाद म्हणजे कार्यवादाचे बालबोध रूप. कार्यवाद्यांपैकीच रॉबर्ट मर्टनने १९४९ मध्ये त्याला एक साधा प्रश्न जोडला होता : कार्य कोणासाठी? एकच रूढी एका गटाला उपकारक आणि दुसऱ्याला अपायकारक असू शकते, असे सांगून त्याने 'अपकार्य' ही संकल्पना मांडली. मर्टनची व्याख्या आपल्या पुस्तकांत असते, पण जजमानीच्या प्रकरणाला ती लावलेली नसते. दोन प्रकरणे शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. समाजशास्त्राच्या आतही हा वाद जुना आहे. ऑस्कर लुईस आणि व्हिक्टर बार्नो यांनी १९५६ मध्ये, तर टॉमस बायडेलमनने १९५९ मध्ये या व्यवस्थेतली सत्ता आणि पिळवणूक दाखवून दिली : जमीन ज्याच्या हाती, अटी त्याच्या. १९८९ मध्ये क्रिस्टोफर फुलरने ही संकल्पनाच तपासायला घेतली. १९९३ मध्ये पीटर मेयरने उत्तर भारतातलीसुद्धा जजमानी पुस्तकात सांगतात तितकी प्राचीन नाही, ती बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली, असे प्रतिपादन केले. मेयरशी सहमत व्हावे की नाही हा वेगळा प्रश्न. पण एखाद्या संकल्पनेवर इतके वाद झाले असताना ती विद्यार्थ्यापुढे निर्विवाद सत्य म्हणून ठेवणे हे विज्ञानशिक्षणाच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारे नाही.

१९३६ या वर्षात एक योगायोग दडलेला आहे. त्याच वर्षी राल्फ लिंटनचे पुस्तक आले. अर्पित दर्जा आणि अर्जित दर्जा हा भेद, जो आज प्रत्येक विद्यार्थी पहिल्या घटक चाचणीत लिहितो, तो त्यातला. त्याच वर्षी वायझरचे पुस्तक आले. आणि त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी, लाहोरच्या मंडळाने अध्यक्षीय भाषण रद्द केल्यावर, ते स्वखर्चाने छापले : 'जातिनिर्मूलन'. जात म्हणजे श्रमविभागणी, या समर्थनाला त्यात दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. ही कामांची विभागणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली, असा त्यांचा मुद्दा. हा मुद्दा जजमानीच्या धड्याला थेट छेद देणारा आहे. मग त्याची जागा त्या धड्यात हवी की नको? आपली पुस्तके लिंटनला 'मूलभूत संकल्पनां'त बसवतात, वायझरला 'ग्रामीण समाजा'त आणि आंबेडकरांना बहुधा 'समाजसुधारकां'त. अलीकडच्या काही पुस्तकांनी त्यांना विचारवंतांच्या रांगेत घेतले आहे, हे मान्य. तरी वाद जिथला आहे तिथे त्यांना बोलू दिलेले क्वचितच दिसते. वास्तविक कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये त्यांनी वाचलेला जातींच्या उगमावरचा निबंध हा मानवशास्त्राच्या चर्चासत्रातला निबंध होता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले तेव्हाही तो नुसता राजकीय पवित्रा नव्हता. वतनाच्या तुटपुंज्या उत्पन्नासाठी एक सबंध जात चोवीस तास सरकार आणि गाव यांना बांधलेली राहते, आणि तिची उमेद मरते, हे संस्थेचे विश्लेषण आहे.

वर्गात बसलेल्या मुलाच्या बाजूने याचा विचार करावा. त्याच्या आजोबांनी बलुते मागायला खळ्यावर जाणे कधी आणि का सोडले, हे त्याने घरी ऐकलेले असते. पुस्तक त्याला सांगते की त्या व्यवस्थेत सुरक्षितता आणि सलोखा होता. गुण मिळवायचे तर त्याला तेच लिहावे लागते. घरचे खरे की पुस्तकातले, हा पेच आपण त्याच्यावर टाकतो आणि त्याबद्दल वर्गात एक शब्द निघत नाही.

या धड्याबरोबर येणारी दुसरी गोष्ट म्हणजे 'स्वयंपूर्ण खेडे'. चार्ल्स मेटकाफ या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३० मध्ये लिहिलेल्या टिपणातून ही प्रतिमा पसरली : राज्ये येतात आणि जातात, खेडे तसेच राहते. कार्ल मार्क्सने १८५३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात भारतीय खेड्याबद्दल लिहिले तेव्हा त्याच्याही मनात हीच प्रतिमा होती. गंमत अशी, की त्याच वर्षी मे महिन्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यानंतरच्या दोन दशकांत वऱ्हाडचे खेडे कसे बदलले हे पाहिले तर 'न बदलणाऱ्या खेड्या'वर विश्वास ठेवणे कठीण जाते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. ज्वारीच्या राशीतून सूप-दोन सूप काढून देणे सोपे. पण शेतात कापूस उभा असेल, तो व्यापाऱ्याच्या गाडीत भरला जात असेल आणि हाती रोकड येत असेल, तर बलुत्याचा वाटा कशातून द्यायचा? बलुते कायद्याने मोडण्याच्या कितीतरी आधी ते बाजाराने खिळखिळे केले होते, असे मला वाटते. ज्या जिल्ह्यांत ज्वारी-बाजरी हेच मुख्य पीक राहिले तिथे हा बदल सावकाश झाला असणार. एकाच महाराष्ट्रात दोन वेग. हे तुलनेने शिकवता येते, आणि तुलना हीच तर समाजशास्त्राची पद्धत.

अंजनगाव सुर्जी हे तर स्वयंपूर्णतेच्या कल्पनेला सरळ उत्तर आहे. शहानूर नदीकाठचे हे गाव इतिहासात येते ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. असई, अडगाव आणि गाविलगड असे लागोपाठ पराभव झाल्यावर दौलतराव शिंद्यांच्या वतीने इथे आर्थर वेलस्लीशी तह झाला. पण राजकारण बाजूला ठेवले तरी या गावाची ओळख पानमळे आणि पानपिंपरी ही आहे. बारी समाजाने पिढ्यान्पिढ्या जोपासलेली ही पिके. पानवेलीला आणि पिंपरीला सावली हवी, बारमाही पाणी हवे, सतत हात हवेत. आणि पिकलेली पिंपरी कोण खाणार? ती आयुर्वेदिक औषधांत जाते, म्हणजे गिऱ्हाईक दूरच्या बाजारातले. विड्याच्या पानाचेही तसेच. जे पीक पिकवणारा स्वतः जेमतेम वापरतो, ते त्याने पिढ्यान्पिढ्या लावले याचा अर्थ बाजार, व्यापारी, कर्ज आणि भाव हे सारे या 'खेड्या'त आधीपासून होते. पुढे मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी रेल्वे अंजनगाववरून गेली तीही कापसासाठीच. एम. एन. श्रीनिवास आणि ए. एम. शहा यांनी १९६० मध्ये खेड्याची स्वयंपूर्णता ही दंतकथा आहे असे लिहिले. मीठ, लोखंड, आठवड्याचा बाजार, परगावच्या सोयरिकी : यांपैकी एकही गोष्ट गावाच्या शिवेत मावत नाही. निबंध साठ वर्षांहून जुना आहे. दंतकथा अजून शिकवली जाते.

अंजनगाव तालुक्याकडे समाजशास्त्राच्या शिक्षकाने वळून पाहावे असे आणखी एक मोठे कारण आहे. याच तालुक्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला. आपण त्यांना थोर पुरुषांच्या धड्यात ठेवून दिले आहे. तिथे त्यांच्या हाती खराटा आणि डोक्यावर गाडगे असते, आणि मुले स्वच्छतेवर दहा ओळी लिहितात. त्यांचे चरित्र संकल्पना तपासण्यासाठी वाचले तर काय दिसते?

डेबूजी परटाच्या, म्हणजे वरठ्याच्या घरी जन्मले. पुस्तकी भाषेत हा अर्पित दर्जा, आणि त्याची भूमिका गावाचे कपडे धुण्याची. पण वडील दारूपायी गेले आणि मुलगा दापुऱ्याला मामाकडे वाढला, तो नांगरामागे. म्हणजे 'जात बलुतेदाराची आणि धंदा शेतीचा' हे या चरित्राच्या पहिल्याच पानावर दिसते. ती जमीनही सावकाराच्या व्यवहारात अडकली. जात म्हणजे धंदा हे समीकरण पुस्तकात जितके घट्ट बांधलेले असते तितके प्रत्यक्षात नव्हते. जातीने दर्जा ठरे, लग्न ठरे, पंगत ठरे. पोट कशावर भरायचे हे मात्र जमीन, पाऊस आणि सावकार यांवरही अवलंबून असे.

मग येते मुलीच्या बारशाची हकिगत. जातीच्या रीतीप्रमाणे अशा प्रसंगी मटण आणि दारूचे जेवण घालावे लागे. डेबूजींनी ते नाकारले आणि गोडाचे जेवण घातले. जातभाई बिथरले. एमिल दुर्खीमने १८९५ मध्ये 'सामाजिक तथ्य' म्हणजे काय हे सांगितले. ते व्यक्तीच्या बाहेर असते आणि व्यक्तीवर त्याचा दाब असतो. एरवी हा दाब आपल्याला जाणवत नाही, त्याच्या विरुद्ध गेले की जाणवतो. बारशाच्या पंगतीत नेमके हेच घडले. रीत कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पण ती मोडताच ती किती टणक आहे हे सर्वांना कळले. आता मर्टनचे प्रकट आणि सुप्त कार्य इथे लावून पाहावे. जातजेवणाचे प्रकट कार्य आनंद साजरा करणे. सुप्त कार्य जातीचे बंध आणि पंचांचा वचक टिकवणे. आणि अपकार्य? यजमानाच्या घरावर चढलेले कर्ज. ऋण काढून सण करू नका, हे बाबा आयुष्यभर कीर्तनातून सांगत राहिले, ते घरात पाहिल्यावाचून नाही. ज्या विद्यापीठाशी अंजनगावची महाविद्यालये जोडलेली आहेत त्याला २००५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. सामाजिक तथ्याचे उदाहरण मात्र तिथला विद्यार्थी एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सचेच देतो.

१९०५ मध्ये बाबांनी घर सोडले. त्यांच्या रीतीत मला एक गोष्ट विशेष वाटते. गावात शिरताच आधी झाडायचे, मग भाकरी मागायची. वरवर पाहता हे बलुत्यासारखेच आहे : गावाचे काम, गावाची भाकरी. पण त्यात वतन नाही, जात नाही, उद्याचा हक्क नाही. झाडण्याचे काम ज्यांच्या माथी जातीने मारले होते त्यांचे ते काम एका परटाने आपखुशीने उचलले आणि मोबदला फक्त त्या दिवसापुरता घेतला. बलुत्याचा सांगाडा ठेवून त्यातले जन्मसिद्ध बंधन काढून टाकावे, तसे हे झाले. माझी ही मांडणी जरा ताणलेली वाटेल. पण 'भूमिका' या संकल्पनेवर वर्गात चर्चा घडवायची तर या ताणाचा उपयोग होतो. प्रतीकात्मक आंतरक्रियावाद्यांना तर इथे रान मोकळे आहे. चिंध्या पांघरलेला माणूस आधी वेडा ठरतो, मग भिकारी, मग साधू, आणि प्रत्येक वेळी बदललेले असतात ते पाहणारे.

दुर्खीमचा विषय निघालाच आहे तर आणखी एका नाजूक गोष्टीबद्दल लिहिणे भाग आहे. त्याचा आत्महत्येवरील १८९७ चा ग्रंथ प्रास्ताविक अभ्यासक्रमात असतोच. अहंवादी, परार्थवादी, नियमनशून्यतेची आणि दैववादी असे चार प्रकार. अमरावती-अकोल्याकडे या धड्यानंतर जवळजवळ ठरलेला प्रश्न येतो : शेतकरी-आत्महत्या कोणत्या प्रकारात बसतात? हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. दुर्खीम प्रमाणाबद्दल बोलत होता. एका समाजात हे प्रमाण दुसऱ्याहून जास्त का, आणि वर्षानुवर्षे ते साधारण स्थिर का, हे त्याचे कोडे होते. एका माणसाच्या मरणाला चार खणांपैकी एकात टाकणे हे त्याने सांगितलेले काम नव्हे. शिवाय ज्या वर्गात अशा घरातले मूल बसलेले असू शकते, तिथे हा खेळ खेळणे अमानुष आहे.

विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे : हा आकडा तयार कसा होतो? जॅक डग्लसने १९६७ मध्ये दुर्खीमवर हाच आक्षेप घेतला होता. आत्महत्येची आकडेवारी निसर्गात पडलेली नसते. पोलीस, डॉक्टर, नातेवाईक आणि अधिकारी यांच्या निर्णयांतून ती घडते. महाराष्ट्रात सरकारी मदतीसाठी अशी प्रकरणे 'पात्र' आणि 'अपात्र' अशी वेगळी केली जातात. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की खासगी, वसुलीचा तगादा होता का, हे पाहिले जाते. मग जी बाई आयुष्यभर शेतात राबली पण जिच्या नावावर सातबारा नाही, ती 'शेतकरी' कशी ठरावी? मक्त्या-बटाईने शेती करणाऱ्याचे काय? इथे 'संकल्पना' म्हणजे काय हे विद्यार्थ्याला पहिल्यांदा खरे कळते. व्याख्या बदलली की आकडा बदलतो आणि आकड्याबरोबर एका घराचे भवितव्य बदलते.

या सगळ्याचा वर्गात उपयोग करताना एक सावधगिरी हवी. 'तुमच्या घराण्याचा पूर्वीचा धंदा कोणता' असे मुलांना सर्वांसमक्ष कधीही विचारू नये. तो प्रश्न जात विचारण्याचाच दुसरा मार्ग आहे. चौकशी माणसापासून नव्हे, वस्तूपासून सुरू करावी. वखराची पास कोण शेवटत असे? त्याला काय मिळे, केव्हा मिळे, किती द्यायचे हे कोण ठरवी? पैशाने देणे कधी सुरू झाले? काम नीट झाले नाही तर काय होई, आणि द्यायचे ते दिले नाही तर काय होई? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा सारखी नसतात, आणि सत्ता कोणाकडे होती हे त्या फरकात सापडते. सालदारीबद्दलही विचारावे. पाडव्याच्या किंवा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वर्षाचा करार, काही उचल आधी, मग वर्षभर घरचा आणि शेताचा राबता. बलुते नाही, मोकळी मजुरीही नाही. विदर्भातल्या शेतीत इतकी महत्त्वाची असलेली ही संस्था मला प्रास्ताविक पुस्तकांत फारशी भेटलेली नाही.

पूरक वाचन म्हणून शिक्षकांनी त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' जरूर वाचावे. हे पुस्तक १९१५ चे, वायझरच्या एकवीस वर्षे आधीचे. आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते आणि त्यांनी गाव पाहिले ते फिरतीवर. त्यामुळे त्यांच्याकडे सलोख्याचे गोड चित्र नाही. अलुत्या-बलुत्यांचा भार कुणब्यावर कसा पडतो, कामे कशी टाळली जातात आणि हक्क मात्र कसे सुटत नाहीत, याचा ते रोखठोक हिशोब मांडतात. पण हा हिशोब बव्हंशी मुंबई इलाख्यातल्या देशावरच्या गावांचा आहे. वऱ्हाडला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि तो कुणब्याच्या बाजूने, सरकारी खुर्चीतून मांडलेला आहे. फिरस्त्या जमातींबद्दलचे त्यांचे लिहिणे तर आज वाचवत नाही. त्याच्या चार वर्षे आधी, १९११ मध्ये, त्यांनी 'गुन्हेगार जाती' याच नावाचे पुस्तक लिहिले होते. जन्माने माणूस गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला आणि तो रद्द व्हायला १९५२ उजाडले. अमरावती-अकोल्याच्या वर्गांत फासेपारधी मुले बसतात. 'गावगाडा'तली ती पाने वाचून दाखवायची असतील तर ही दोन वर्षे आधी फळ्यावर लिहावीत.